आसूढाळ घोडी

सासरहून मला परत पाठवलं, त्या दिवशी छकड्यात मी बसले होते आणि छकड्याच्या मागे माझी घोडी बांधलेली होती. दोघींवर आरोप एकच. आम्ही त्या घरात आलो आणि वर्ष फिरायच्या आत सासरे गेले. घोडीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. डोळ्यातून आसू ओघळावं बरोबर तिथे असा भोवरा असला की त्याला आसूढाळ म्हणतात, आणि तसं जनावर ज्याच्या दारात बांधलं त्याच्या घरात रडारड होते अशी समजूत. सासरे कित्येक महिने अंगात ताप घेऊन फिरत होते, वैद्याचा काढा ओसरीच्या मागे ओतून देत होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तेराव्याच्या पंगतीला घोड्यांचा एक दलाल आला होता. त्यानं जेवता जेवता घोडीकडे बोट केलं आणि सासूबाईंना कारण सापडलं.

"घोडी अशी, तं घोडी आननारी कशी असन?" त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं घोडी छकड्याला बांधली, गाठ ओढून पाहिली आणि गाडीवानाला म्हणाला, "घाट चढतानी सावकाश हाक. घोडीचा पाय मुरगाळंन." माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी पुढे बसले होते, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याला एवढंही सुचलं नाही की बाईमाणसालाही घाटात धक्के बसतात.

वाटेत मी रडले नाही. मी ठरवत होते. मला एकच पाहिजे होतं. त्या घरानं आपल्या पायांनी माझ्या बापाच्या दारात यावं, चार माणसांत मला मागावं, आणि मी नाही म्हणावं. याच्यापलीकडे मला काही नको होतं, आणि याच्याशिवाय मी मरणार नव्हते. माणसं देवाजवळ काय काय मागतात. मी देवाला यात घेतलंच नाही.

माझं माहेर घाटावरचं, डोणगावच्या बाजूचं. सासर घाटाखाली, काळ्या जमिनीत, वडनेरकडे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जमीनदार होते आणि घोड्यांच्या नादात निम्मी जमीनदारी विसरलेले होते. आई माझ्या लग्नाआधीच वारली होती. आबांची पागा म्हणजे काही राजेरजवाड्यांची नव्हे. मातीच्या भिंती, वर पत्रे, आणि आत सहा-सात जनावरं. पण त्या पागेची ख्याती मेहकर तालुकाभर होती, आणि घोडं पारखावं तर आबांनी, असं लोक म्हणायचे. आबांनाही ते ऐकायला आवडायचं. माझ्या लग्नात त्यांनी हौसेनं आंदण म्हणून ही कुमेद, म्हणजे तांबूस रंगाची घोडी दिली होती, स्वतः निवडून.

म्हणून मी परत आले तेव्हा माझ्यापेक्षा घोडीचा अपमान त्यांना जास्त लागला. मी उंबऱ्यात उभी, डोक्यावर वाटेची धूळ, आणि आबा माझ्या बाजूनं निघून थेट घोडीपाशी गेले. तिचं तोंड उजेडाकडे वळवून भोवऱ्यावर अंगठा फिरवला.

"हा आसूढाळ होये का?" ते ओरडले. "हा गालावरचा भोवरा होये! आसूढाळ डोळ्याले लागून असते. अडाणी लेकाचे! मले घोडं शिकवून राह्यले!"

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ये बाई, आत ये," ते म्हणाले. एवढंच. मला हसू आलं, खरंच आलं. दोन्ही घरच्या पुरुषांना घोडीची काळजी होती.

भोवरा नक्की कुठे होता ते मी सांगते, कारण रोज खरारा करताना माझी बोटं त्यावरून जायची. तो डोळ्याला लागूनच होता. आबांना ते दिसत नव्हतं असं नाही. घोडी घेताना चुकले हे त्यांना कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्यांनी भोवरा गालावर ढकलला होता. मीही तो तिथेच राहू दिला. मला त्या घोडीत कुठलाच दोष दिसत नव्हता. भोवरा डोळ्याखाली असो की शेपटीखाली.

दरवर्षी दिवाळी झाली की खामगावच्या बाहेर, जिनिंगच्या पलीकडच्या मोकळ्या रानात घोड्यांची शर्यत व्हायची. कापसाचा हंगाम सुरू झालेला असायचा, व्यापारी मंडळी खुशीत असायची, आणि तेच मिळून शर्यत भरवायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. जिल्ह्याचे साहेब मांडवात खुर्ची टाकून बसायचे. बक्षीस म्हणून एक जरीचा फेटा आणि घोड्यासाठी चांदीचा तोडा. पण फेट्यासाठी कोणी पळत नव्हतं. घाटावरच्यांनी घाटाखालच्यांना हरवायचं आणि वर्षभर चिडवायचं, यासाठी पळायचे. गेली काही वर्षं माझ्या सासरचा घोडा जिंकत होता, आणि त्यावर माझा नवरा स्वतः बसत होता.

दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली. पूजेचं ताट ठेवून मी आबांना म्हटलं, "या वर्षी आपली घोडी उतरवायची."

"हे घोडी? लोक काय म्हनतीन?"

"गालावरच्या भोवऱ्याले कोन काय म्हनंन, आबा?"

ते स्वतःच्याच शब्दात सापडले होते. "उतरव," ते म्हणाले, आणि पानाचा डबा ओढून घेतला.

घोडीवर बसायला माझा मामेभाऊ होता. तो आमच्याकडेच असायचा. अंगानं हलका, मिशांनी जड. आरशात बघून मिशीला पीळ दिल्याशिवाय तो घोड्यावर चढत नसे. मी त्याला दादा म्हणायचे. शर्यतीत बाई बसणं शक्य नव्हतं, नाहीतर मी त्याच्या मिशीची वाट बघितली नसती. सराव मात्र मीच घ्यायची. लुगड्याचा कासोटा घट्ट घातला की घोड्यावर बसायला काही अडचण नसते. अडचण बघणाऱ्यांना असते. म्हणून आम्ही उजाडताना बाहेर पडायचो, रानात ज्वारी राखणारे माचावर चढायच्या आत.

आश्विनातली ती सकाळ मला अजून अंगावर जाणवते. गवतावर दहिवर, ज्वारी कणसात भरलेली, कापसाची बोंडं नुकती फुटू लागलेली. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन बायका वेचणीला लागायच्या होत्या. हवा अशी की घोडीच्या नाकातून वाफ निघायची आणि दोन घटकांत तिच्याच अंगावर घाम फुटायचा, इतकं ऊन चढायचं. त्या दिवसांत जमिनीची फार काळजी घ्यावी लागते. पाऊस गेला की काळी जमीन भेगाळते, आणि धावत्या घोड्याचा खूर भेगेत गेला तर पाय मोडतो. म्हणून पहिले काही दिवस मी घोडीला ओढ्याच्या वाळूतच चालवलं. वाळूत पाय ओढावा लागतो, छाती भरते. ती वैतागायची, मान झटकायची, मी तिला शिव्या द्यायची. वाळू झाली की मुरमाच्या माळावर दुडकी, मग थोडी भरधाव, मग परत चालत घर.

घरी आलो की खरारा मी करायची. आधी गवताच्या बोळ्यानं घाम पुसायचा, मग लोखंडी खरारा, मग मऊ ब्रश, मग हाताचा तळवा. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी मी स्वतः तोंडाला बांधायची. गूळ किती, हळद किती, हे मी दुसऱ्या कोणाला बघू दिलं नाही. गावातल्या बायका विहिरीवर म्हणायच्या, "नवऱ्याचं अंग चोळायचं सोडून घोडीचं चोळून राह्यली." मला ऐकू जावं असंच म्हणायच्या. मी त्यांना म्हटलं, "घोडी पाठीवर बसवते तरी." त्यावर त्या हसल्या, मग तोंडावर पदर घेऊन जास्त हसल्या, आणि त्यानंतर काही दिवस कोणी बोललं नाही.

पण नुसत्या पळण्यानं मला भागणार नव्हतं. सासरचा घोडा वेगात माझ्या घोडीपेक्षा कमी नव्हता, कदाचित कांकणभर जास्तच होता. तो पंचकल्याणी होता, चारही पाय आणि कपाळ पांढरं, आणि त्याच्या गळ्याखाली देवमण होता. देवमण म्हणजे सगळ्या शुभ भोवऱ्यांचा राजा. त्या एका भोवऱ्यावर त्या घरानं तो घोडा घेतला होता आणि त्या भोवऱ्याची पूजा सासूबाई दर मंगळवारी करत; घोड्याचं नावही देवमणच पडलं होतं. आणि एक नेम होता: देवमणावर चामडं लागू द्यायचं नाही. म्हणून त्या घोड्याच्या लगामाला गळ्याखालून जाणारा पट्टा नव्हता. कापून टाकला होता. लगाम नुसता कानांमागे अडकलेला असायचा.

मी त्या घरात होते तेव्हा मागच्या दाराच्या फटीतून पागा दिसायची, आणि सुनेला बघायला दुसरं काही नव्हतं. मी तो घोडा रोज बघितला. शेजारी दुसरं जनावर डाव्या अंगानं घासून आलं की तो मान वर फेकायचा आणि अशी पिळायचा की लगाम कानावरून सरकायचा. मी तिथे असतानाच दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यानं लगाम पार उतरवून टाकला होता. घोडा चालतच होता म्हणून काही झालं नाही. सासूबाईंनी हात जोडले, "देवानंच लगाम काढला!" आणि गूळ वाटला. गूळ मलाही मिळाला होता.

म्हणून मी घोडीला दुसऱ्या घोड्याच्या डाव्या अंगाला चिकटून पळायला शिकवलं. आबांच्या टांग्याच्या म्हाताऱ्या घोड्यावर मी बसायची, घोडीवर दादा. माळावर एक दगडांचा ढीग होता, त्याला वळसा. वळणावर घोडीनं आतून यायचं, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि शेजारच्यानं मान आपटली तरी बिचकायचं नाही. मी म्हाताऱ्याचा लगाम मुद्दाम ओढून त्याला मान उडवायला लावायची. पहिले काही दिवस घोडी दूर पळायची. मग हळूहळू तिला कळलं की त्या मानेत काही नाही, आणि ती खेटून पळू लागली. एकदा तर तिनं म्हाताऱ्याला ढुशीच दिली.

दादाला माझा हेतू उमगायला वेळ लागला. उमगला तेव्हा तो घोडीवरून उतरला.

"बाई, हे काही बरं नाही. लगाम निंगाला तं मानूस मरंन."

"मी काढून राह्यली का त्याचा लगाम? त्याइनंच पट्टा कापला. मी फक्त बाजूनं चालली."

"तुहा नवरा होये तो."

"मग तुले काऊन एवढा पुळका?"

तो मिशीला पीळ देत परत चढला. दादा मनानं चांगला होता, पण घाटाखालच्यांना हरवायचं म्हटलं की त्याचा चांगुलपणा फार तग धरत नसे.

मला त्या दिवसांत सुखाची झोप लागायची. लोक म्हणतात सूड माणसाला आतून जाळतो. मला तसं काही झालं नाही. मला भूक लागायची, अंगात ताकद आली होती, आरशात चेहरा उजळ दिसायचा. जळले असेन तर त्याआधी, छकड्यात.

दिवाळी झाली, आम्ही घाट उतरलो. मी पडदे लावलेल्या छकड्यात, दादा घोडीच्या शेजारी पायी, आबा टांग्यात. घाट उतरला की हवा बदलते. धुळीला कापसाचा वास येतो. खामगावच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, एकामागे एक, जिनिंगच्या फाटकापर्यंत. भोंगा झाला की बैल दचकायचे. शर्यतीचं रान तिथून जवळच होतं. तिथल्या भेगा मुरूम टाकून बुजवल्या होत्या. वळणं दोन, निशाणं रोवून आखलेली, आणि दुसरं वळण थेट गाड्यांच्या रांगेच्या अंगाला. मी ते बघितलं आणि पडदा सोडला. मला हसू लपवायचं होतं.

सासूबाईंचा छकडा आमच्यापासून लांब नव्हता. घोड्याला झेंडूची माळ होती, कपाळाला गुलाल. माझा नवरा भगवा फेटा बांधून वर बसला होता आणि चांगला दिसत होता. हे लिहायला मला काही अडचण वाटत नाही. तो नेहमीच चांगला दिसायचा. त्यानं माझी घोडी ओळखली, एकदा बघितलं, आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाला. शेजारच्यानं स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावून दाखवलं आणि दोघं हसले.

दोन फेऱ्या पळायच्या होत्या. पहिल्या फेरीत देवमण पुढे, आमची घोडी दुसरी, बाकीची मागे. दादा मी सांगितलं होतं तसाच बसला होता, पुढे वाकून, घोडीला दम राखू देत. दुसऱ्या फेरीचं पहिलं वळण गेलं. आबा टांग्यात उभे राहून ओरडत होते, "सोड बे, आता सोड तिले!" दादानं सोडली. दुसऱ्या वळणाला घोडी आतून घुसली आणि देवमणाच्या डाव्या अंगाला जाऊन भिडली.

घोड्यानं मान वर फेकली. पिळली. लगाम कानांवरून सटकला, तोंडातली कडी बाहेर आली. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही मुठीत लगाम होता आणि लगामात घोडा नव्हता. घोडी दादाच्या हाताखाली वळणावर वळली. देवमण वळला नाही. वळायला सांगणारं कोणी नव्हतं. निशाण तुडवून तो सरळ गेला, माणसं दोन्ही बाजूंना पळाली, आणि गाड्यांच्या रांगेपाशी येऊन त्यानं चारही पाय रोवले. घोडा थांबला, स्वार थांबला नाही. तो कापसानं भरलेल्या गाडीत डोक्यावर पडला. बाहेर काढला तेव्हा फेटा नव्हता आणि मिशा, भुवया, कान, सगळं पांढरं होतं. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "यालेही जिनात घालाचं का?" सगळं रान हसलं. साहेबही हसले म्हणतात.

मी इतकी हसले की छकडा हलला. घोडी कधी निशाणापार गेली ते मी बघितलंच नाही. दादा पुढे आयुष्यभर सांगायचा की लगाम निघाला नसता तरी घोडी जिंकलीच असती. असेल. मला त्याची फिकीर नव्हती. माझ्या नवऱ्याचा हात खांद्यातून उतरला होता, आणि तो कण्हत असताना सासूबाई छकड्यातून उतरून उघड्या डोक्यानं धावत गेल्या. तेही मी बघितलं. पोट भरून बघितलं.

ते आले तुळशीचं लग्न झाल्यावर. मला माहीत होतं येणार. जिंकणारी घोडी दुसऱ्याच्या दारात आणि हसं आपल्या दारात, हे त्या घराला सोसणारं नव्हतं. आदल्या दिवशी निरोप आला तेव्हा आबांनी पागा झाडून घेतली, ओसरीवर जाजम घातलं, गावातली चार वडील माणसं बोलावली. मी पुरणपोळ्या केल्या. पोळ्या लाटताना मी ते 'नाही' तोंडात घोळवत होते. किती मोठ्यानं म्हणावं, बसून म्हणावं की उभ्यानं.

सासूबाई आणि नवरा आले. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. सासूबाईंनी लुगडं आणि नारळ आणलं होतं. त्या ओसरीच्या कडेला बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमची पाह्यन्यात चूक झाली. दलालानं घोळ केला. भोवरा गालावरचा होये. लेक आमची आमाले द्या. घोडीबी द्या."

"अन् देवमनाचं अन् हिचं शिंगरू झालं," नवरा म्हणाला, "तं वऱ्हाडात त्याच्या तोडीचं निंघनार नाही."

मी दाराआडून ऐकत होते. झालं होतं. जे मागितलं होतं ते चार माणसांत, शब्दाला शब्द, झालं होतं.

आबा उठून आत आले. त्यांचा चेहरा लग्नाच्या दिवशीसारखा होता. "बाई, तयारी कर," ते म्हणाले. "घोडीवरचा डाग गेला."

"अन् माह्यावरचा?"

"तोच तं एक होता," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"मले नाही जाचं, आबा."

ते हसले. प्रेमानं हसले. "रुसवा समजते मले. पन आता जास्त तानू नको." बाहेर जाऊन त्यांनी सांगितलंही, "पोरगी रुसली हाये जराशी," आणि ओसरीवरची सगळी माणसं समजूतदारपणे हसली. नवराही हसला.

तेव्हा मला कळलं की माझं ते 'नाही' कोणाच्या कामाचं नव्हतं. बाई नाही म्हणाली की तो रुसवा असतो, आणि रुसवा काढायचा असतो. संध्याकाळपर्यंत मी हो म्हटलं असतं किंवा न म्हणता छकड्यात बसवली गेली असती. मागच्या दारी शेजारणी जमू लागल्या होत्या, माझी ओटी भरायला. एकीच्या ताटात तांदूळ, खण, हळकुंडं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. इतके दिवस वाळूत, मुरमात, घामात जे कमावलं ते यांनी हसण्यावारी नेलं होतं.

मी पागेत गेले, घोडी सोडली आणि तिला अंगणात घेऊन आले. ओसरीपुढे. डोक्यावर पदर होता पण चेहरा उघडा होता. माणसं हसायची थांबली.

"आत्याबाई, इकडे या."

सासूबाई आल्या. मी त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट घोडीच्या डोळ्याखाली टेकवलं. दाबून टेकवलं.

"नीट पाह्या. डोळ्याले लागून होये का नाही? आसू इथूनच गळते का नाही?"

त्यांनी हात ओढायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही.

"दलाल खरा होता. हा आसूढाळच होये. आबाइले घेतानीच माहीत होतं, मलेही माहीत होतं. मामंजी आमच्यापायीच गेले." मी नवऱ्याच्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं. "अन् याचा हात? घोडी नुसती बाजूनं पळाली तं हात उतरला. मी येतो नांदाले. घोडीबी येते. आधी मामंजी गेले, आता कोन जाईन ते तुमीच सांगा. तुमाले एकच तं लेक हाये."

सासूबाईंनी आधी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पोराकडे. त्यांच्या तोंडावरचं पाणी उतरलं. मी आयुष्यात इतकं घाबरलेलं माणूस बघितलं नाही, आणि ते बघून मला जे सुख झालं तेवढं पुन्हा कधी झालं नाही. त्यांनी पोराचा चांगला हात पकडला आणि म्हणाल्या, "चाल. चाल इथून." तो काहीतरी बोलणार होता. त्यांनी त्याला बोलू दिलं नाही. नारळ आणि लुगडं तिथेच राहिलं.

आबा मान खाली घालून बसले होते. घोडं पारखावं तर त्यांनी, असं म्हणणारी चारही माणसं त्यांच्यासमोर होती. त्यानंतर ते माझ्याशी बोलले, पण कामापुरतं; आणि त्यांच्याकडे घोडं दाखवायला गावातलं कोणी आलं नाही.

मी वळले तर मागच्या दारात बायका उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जिच्या हातात ओटीचं ताट होतं तिनं ते पदराखाली घेतलं आणि निघून गेली. मग दुसरी गेली. तिसरीनं जाताना आपलं लेकरू कडेवर घेतलं आणि त्याचं तोंड माझ्याकडून वळवलं. मी त्यांना थांबवलं नाही. त्या दिवसापासून आमच्या गावात मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, बारशाला नाही, लग्नाच्या हळदीला तर नाहीच. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी स्वतःच्या तोंडानं, चार माणसांत, सांगितलेलं होतं.

घोडी बांधून मी हात धुतले. चुलीपाशी पोळ्यांची चळत तशीच होती, जावयासाठी केलेली, वर तुपाची वाटी. मी आबांना हाक मारली. ते उठले नाहीत. मग मी पाट मांडला, ताट वाढून घेतलं आणि एकटी जेवायला बसले.